मऊ दावं

गुरं विकली गेली म्हणून ती शाळा निघाली. आता तिला पक्की भिंत आहे, फाटक आहे, फाटकावर पाटी आहे, आणि पाहुण्यांच्या हातात द्यायला एक गुळगुळीत छापील पत्रक आहे. पत्रकात लिहिलंय की एका मातेच्या अंतःकरणात करुणेचा झरा फुटला आणि त्यातून या विशेष मुलांच्या शाळेचं रोपटं वाढलं. करुणेचा झरा म्हणे! डोंबलाचा झरा. त्या वर्षी विहिरींच्या तळाला ओल उरली नव्हती. चारा संपला तशी लोकांनी गुरं मिळेल त्या भावात देऊन टाकली, आणि दोरवाल्याच्या घरात दोर नुसते खुंट्यांना लोंबत राहिले. गोठेच रिकामे, तर दावी कोण नेणार?

दोरवाल्याचं घर वस्तीच्या कडेला होतं. घर कसलं, पुढं एक दुकान, मागं दोन खोल्या आणि त्यांच्यामागं आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब पडवी. दोर वळायला रुंदी नसली तरी चालते, लांबी लागते. पडवीच्या एका टोकाला लाकडी चाक. चाकाच्या आकड्यात वाखाची, म्हणजे घायपाताच्या धाग्यांची, शेंडी अडकवायची, एकानं चाक फिरवायचं, आणि दुसऱ्यानं कमरेला वाखाची मोळी बांधून, बोटांतून वाख सोडत, उलट्या पावलांनी मागं मागं जायचं. दोरवाला चाक फिरवायचा आणि त्याची बायको मागं चालायची. लग्न झाल्यापासून ती अशीच चालत आली होती. तिच्या दोन्ही हातांची बोटं आतून गुळगुळीत झाली होती आणि टाचा फुटल्या होत्या.

तिला सगळे थोरली म्हणत. खरं तर धाकटी जाऊ आणि तिचा नवरा दुष्काळाचा रंग बघून केव्हाच शहरात पळाले होते, पण हिचं थोरलेपण काही सुटलं नाही. म्हातारी सासू पडवीतच एका कोपऱ्यात बसून दोरांची टोकं बांधायची. तिला दिसायचं कमी आणि ऐकू यायचं जरा जास्तच.

थोरलीला एकच लेक. तिचं नाव भिंगरी पडलं होतं, कारण ती जागच्या जागी गरागरा फिरायची आणि थांबली की खदखदून हसायची. दहा-अकरा वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नव्हता. नाव घेऊन हाक मारा, ढिम्म बघायची नाही. चाकाची कुरकुर थांबली की मात्र झटकन मान वर. पाणी दिसलं की धूम ठोकायची. एकदा खाणीच्या डबक्यात गळ्यापर्यंत शिरलेली सापडली. त्याच दिवशी थोरलीनं तिच्यासाठी दावं वळलं.

वाखाचं नाही. वाख कातडी सोलतो. तिनं जुन्या चादरी फाडल्या, पट्ट्यांना हलका पीळ भरला, कमरेशी येणारा भाग चार बोटं रुंद ठेवला आणि त्यात कापूस शिवला. गाठ पाठीमागं, पोरीचा हात पोचणार नाही अशी. दुसरं टोक पडवीच्या मधल्या खांबाला. पहिल्या दिवशी गाठ मारताना थोरलीला रडू कोसळलं. दुसऱ्या दिवशी नाही आलं. पुढं तिला स्वतःचा राग आला तो या दुसऱ्या दिवसाचा.

ते दावं पहिल्यांदा नजरेत भरलं भट्टीवालीच्या. ही बाई पावाची भट्टी चालवायची. पोती बांधायला सुतळी हवी म्हणून आली आणि सुतळी विसरून खांबाकडं बघत उभी राहिली.

"हे कुठं मिळतं गं?"

"मिळतंय कुठलं? मी केलंय."

"मला एक करून दे."

"तुला कशाला?"

भट्टीवालीनं दाराकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "वासराला."

भट्टीवालीच्या सात पिढ्यांत कुणी वासरू पाळलं नव्हतं. तिच्याकडं होता एक पोरगा, पंधराएक वर्षांचा, अंगानं आडदांड आणि समजेनं तीन वर्षांचा. गाव त्याला पैलवान म्हणायचं. थोरलीला हे ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे भट्टीवालीलाही ठाऊक होतं.

"केवढं आहे वासरू?" थोरलीनं विचारलं.

भट्टीवालीनं हात आपल्या डोक्याच्याही वर नेला. "एवढं. आणि दांडगं आहे. भट्टीकडं धावतं."

थोरलीनं दुहेरी पिळाचं दावं करून दिलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक बाई आली, वासरासाठी. मग एक गवंडी आला, तोही वासरासाठी. मग बाहेरगावची माणसं येऊ लागली. गावात औषधाला गाय उरली नव्हती आणि वासरांना मात्र ऊत आला होता. कुणी हात गुडघ्यापाशी धरून उंची दाखवायचं, कुणी छातीपाशी. एकीनं विचारलं, "वासरू झोपेत लोळतं हो. गळ्याला तर नाही ना बसणार?" थोरली म्हणाली, नाही बसणार, कमरेला घट्ट बांध. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

दोरवाला मात्र सुखावला. काही विकलं जातंय, एवढंच त्याला पुरे होतं. त्यानं मऊ दावी दुकानात दर्शनी टांगली, लहान-मोठी, ओळीनं. "तुझ्या हाताला गुण आहे," तो बायकोला म्हणाला. थोरली त्या ओळीकडं पाठ करून आत गेली. पण चूल पेटत होती, म्हातारीचं औषध येत होतं, हे तिला नाकारता येत नव्हतं.

मग एका सकाळी भट्टीवाली पैलवानाचा हात धरून हजर. त्यानं दावं नव्हतं तोडलं. ज्याला बांधला होता तो खांबच उपटून काढला होता, आणि खांबासकट रस्त्यावर आला होता.

"घे हे तुझं दावं," भट्टीवाली म्हणाली. तिच्या केसांत पीठ होतं आणि डोळे सुजले होते. "आता वासरूबिसरू काही नाही. हा माझा पोरगा आहे. मला सांग, मी भट्टी बघू की याला बघू?"

थोरली काय सांगणार? तिच्या कमरेला वाखाची मोळी, दोरवाला गिऱ्हाइकापाशी पुढं गेलेला, चाक उभं. पैलवानाला ते चाक दिसलं. तो सरळ जाऊन दांड्याला भिडला आणि फिरवू लागला. आधी भलत्याच वेगानं. थोरली ओरडली, "हळू रे मेल्या, तुटेल!" तेव्हा जरा हळू. मग एका लयीत, आणि तो थांबेचना. थोरली पडवीच्या टोकापर्यंत मागं चालत गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. दोराला असा सारखा पीळ तिच्या नवऱ्याच्या हातून सुद्धा बसला नव्हता.

"दुपारपर्यंत राहू दे इथं," ती भट्टीवालीला म्हणाली.

भट्टीवाली दारातच मटकन बसली. जरा वेळानं उठून, तोंड पुसून, भट्टीवर गेली. दुसऱ्या दिवशी पैलवान स्वतःच येऊन चाकापाशी उभा.

ही बातमी बायकांत पसरायला कितीसा वेळ लागतो? दावं मागायला आलेल्या बाईला थोरली म्हणू लागली, "कामावर जाताना सोडून जा इथं. एक तशी दोन." गवंड्यानं आपली मुलगी आणली, तिचे पाय एकमेकांत अडकायचे. एका धोबिणीनं मुलगा आणला, तो दिवसभर एकच प्रश्न विचारायचा, "आई गेली?" पडवी भरली. गावानं लगेच नाव ठेवलं, येड्यांचा बाजार.

शेजारी एक मास्तरीण राहायची. मोठ्या शाळेत जन्म घालवून आता निवृत्त झालेली, एकटी, कडक. ती तक्रार घेऊन आली. तो पैलवान चाक फिरवताना गातो की रेकतो, दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही. बोलता बोलता ती पडवीत शिरली आणि तिची नजर खांबाकडं गेली.

"हिला का बांधलंय?"

"पळते," थोरली म्हणाली.

"मग पळू दे की. जागा आहे एवढी. दाराला फळी ठोका."

"आणि बघायचं कुणी?"

मास्तरणीनं एक पोतं ओढून घेतलं. मग म्हणाली, "मी बसते. तसंही झोपू देत नाही तुम्ही."

दोरवाल्यानं कुरकुरत दोन्ही दारांना फळ्या ठोकल्या. थोरलीनं गाठ सोडली. भिंगरी धावत पडवीच्या त्या टोकाला गेली, फळीवर हात आपटला, धावत या टोकाला आली. दिवसभर तेच. संध्याकाळी ती जमिनीवर आडवी झाली ती तशीच झोपली. थोरली तिच्या उशाशी बसली. एक फळी आणि एक रिकामं माणूस, एवढंच लागत होतं, आणि एवढे दिवस आपल्याला ते सुचलं नाही, म्हणून ती मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती.

मास्तरीण आली म्हटल्यावर शिस्त आलीच. तिनं घरून जुनी घंटा आणली. सकाळी घंटा, दुपार कलली की सुटायची घंटा. मधल्या वेळात बटण लावणं, पेला न सांडता धरणं, कडी उघडणं, स्वतःचा रुमाल ओळखणं. अक्षरं नंतर बघू म्हणाली. हे तिला जमायला सोपं गेलं असं नाही. पहिल्याच आठवड्यात धोबिणीच्या मुलानं तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला. ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा मोठ्या शाळेतली पोरं वाईट होती, ती बोलून चावायची." पण दुसऱ्या दिवशी लांब बाह्यांचा झगा घालून आली. मोठ्या शाळेनं निरोप धाडला की ही जागा आमच्या नावाखाली घेतो, फक्त ज्यांना लिहिता-वाचता येईल अशीच मुलं ठेवा. मास्तरणीनं थोरलीकडं बघितलं. थोरलीनं भिंगरीकडं बघितलं. निरोप्याला चहा पाजून वाटेला लावलं. तेव्हापासून शाळा कुणाच्या दावणीला नाही, स्वतःची स्वतः आहे.

पण एक गोष्ट मास्तरणीच्या घशात अडकून होती. एक दिवस ती बोललीच.

"थोरले, तुला लाज नाही वाटत? पुढच्या दारी बांधायची दावी विकायची आणि मागच्या दारी पोरं सोडायची. लोक हसतात."

थोरलीला लाज वाटत होतीच. दुसऱ्यानं बोलून दाखवल्यावर ती अंगाला झोंबली. तिनं त्याच संध्याकाळी दुकानातली सगळी मऊ दावी खाली ओढली आणि पडवीत बसून एकेकाचा पीळ उलगडू लागली.

दोरवाला आला आणि बघतच राहिला. "हे काय चाललंय?"

"आजपासून दावी बंद."

"का? कुणी मेलं का त्यानं?"

"शाळेत पोरं येतात. ती मोकळी पाहिजेत. आणि मी असं ठरवलंय, ज्याच्या घरी दावं असेल त्याच्या पोराला शाळा नाही. आधी दावं इथं आणून टाका, मग पोर आणा."

"ठरवलंय! तू ठरवलंस, आणि खायचं कोण ठरवणार? वाखाचा दोर महिन्यातून एक जात नाही. तुझी शाळा चालते ती या दाव्यांवर, कळतंय का?"

"कळतंय. म्हणूनच नकोय."

"अगं, जे येऊ शकतात त्यांचं ठीक आहे. ज्यांना येता येत नाही त्यांनी काय करायचं?"

"यावं. लेकरासाठी तेवढं चालावं लागतं."

दोरवाल्यानं म्हातारीकडं बघितलं. म्हातारी टोक बांधत होती. "मला काय विचारतोस? मला दिसत नाही," ती म्हणाली. म्हणजे ती सुनेच्या बाजूनं होती. त्यानं चाकाला एक लाथ घातली, पायाला लागलं म्हणून लंगडत बाहेर गेला, आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी खाणीवर दगड भरायच्या कामाला लागला. ज्याच्या बापानं आणि आज्यानं फक्त दोर वळला, तो आता पाटी उचलत होता. संध्याकाळी घरी आला की त्याला हात वर करून अंगरखा काढता यायचा नाही, थोरली काढून द्यायची. तो मान वळवून उभा राहायचा. तिला त्याची कीव यायची, पण ती हटली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिला स्वतःचा जरा अभिमानच वाटत होता.

अशातच एक बाई आली. काटकुळी, भुवयांवर दगडाची भुकटी, डोक्याला घट्ट रुमाल. खाणीवर फोडकाम करणारी. दुकानातल्या रिकाम्या खुंट्यांकडं बघून ती बुचकळ्यात पडली.

"दावं मिळेल का? मऊ असतं ते."

"कशाला?"

"वासराला."

थोरली ताठ झाली. "आम्ही आता वासरांची दावी करत नाही. वासराला घेऊन या. इथं शाळा आहे."

"खाणीच्या पलीकडं राहतो आम्ही," बाई म्हणाली. "उजाडायच्या आत कामावर चढावं लागतं. इथं येऊन परत जायचं म्हणजे…"

"लांब आहे म्हणून काय झालं? इतरही येतात की चालत. लेकराला गुरासारखं बांधण्यापेक्षा बरं ना?"

बाईनं मान डोलावली. तिला पटलं म्हणून नव्हे, मोठ्या माणसांपुढं डोलावतात तशी. ती निघून गेली. मास्तरीण आतून ऐकत होती. ती म्हणाली, "बरं सुनावलंस." थोरलीलाही तसंच वाटलं.

ऊन वाढत गेलं. पडवीचे पत्रे तापून तडतडायचे. पैलवान आता चाक फिरवताना मधेच थांबून दुसऱ्याला दांडा द्यायला शिकला होता. गवंड्याची मुलगी फळी धरून चार पावलं टाकायची. भिंगरी बटणं लावायची, पण फक्त दुसऱ्यांची, स्वतःची नाही. शाळा बरी चालली होती, आणि थोरलीच्या मनातून ती बाई पार निघून गेली होती.

भर दुपारी फळी वाजली. दारात दोरवाला उभा. कामाच्या वेळेला तो कधी यायचा नाही. त्याच्या हातांवर एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची, आणि ती टिटवीसारखी किंचाळत होती, सारखं, श्वास घ्यायला थांबून पुन्हा. मागं तीच बाई. तिच्या डोक्याचा रुमाल आता मुलीच्या कमरेला गुंडाळला होता आणि तो लाल झाला होता.

"पाणी उकळ," दोरवाला म्हणाला.

रुमाल सोडला. कमरेभोवती कातडी कापली गेली होती, एका बाजूला खोल, एका बाजूला जुनी जखम सुकून पुन्हा फाटलेली. थोरलीनं आयुष्यभर दोरांचे वळ बघितले होते. हे दोराचं नव्हतं.

"कशानं?" तिनं विचारलं.

बाई मुलीचे हात धरून बसली होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं. "तार होती खाणीवर पडलेली. आधी चिंधीनं बांधायचे, तर दातांनी कुरतडायची. सुरुंग लावतात तिकडं धावते, आवाज आवडतो तिला. तुमच्याकडं दावं मिळालं नाही, मग तारच बांधली. वर कापड गुंडाळलं होतं. ते सरकलं."

मास्तरीण कोमट पाण्याची वाटी घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. दोरवाल्यानं बायकोकडं बघितलं. त्याला खूप काही बोलता आलं असतं. पण तो भिंतीला टेकून खाली बसला आणि हातावरचं रक्त अंगरख्याला पुसत राहिला.

थोरलीनं जखम धुतली. हळद नाही, राख नाही, दवाखान्याचं मलम होतं तेच लावलं, वर स्वच्छ कापड. मुलगी किंचाळायची थांबत नव्हती. म्हातारीनं कोपऱ्यातून सांगितलं, "चाक फिरवा रे." पैलवानानं दांडा धरला. कुरकुर सुरू झाली तशी त्या टिटवीनं मान वळवली, ओठ हलले, आणि थोड्या वेळानं ती चाकाकडं एकटक बघत गप्प पडून राहिली. भिंगरी येऊन तिच्या अंगातल्या झग्याची बटणं लावू लागली.

थोरली उठली. परसात गेली, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. आपण त्या बाईला काय बोललो, तो शब्दन् शब्द तिला आठवत होता. ती आत आली, पेटी उघडली, स्वतःच्या अंथरुणावरची चादर काढली आणि फाडायला सुरुवात केली.

"काय करतेस?" मास्तरणीनं विचारलं.

"दावं."

मास्तरणीनं बाह्या वर सारल्या. मग चादरीचं दुसरं टोक धरून ओढू लागली, म्हणजे पट्टी सरळ फाटेल.

दोरवाला उठून चाकापाशी गेला. पैलवानाला म्हणाला, "तू जरा बस रे राजा, हे मी करतो." कितीतरी दिवसांनी नवरा चाकाला आणि बायको पट्ट्या सोडत मागं चाललेली, अशी दोघं पडवीत दिसली. त्याचे खांदे दुखत होते, तरी त्यानं पीळ अगदी हलका भरला.

मधे थांबून थोरलीनं बाईला विचारलं, "लांब किती हवं?"

"म्हणजे?"

"घरात कुठंवर जाता आलं पाहिजे तिला?"

बाई विचारात पडली. असं तिला कुणी विचारलं नव्हतं. "पाण्याच्या मडक्यापर्यंत पोचू दे. चुलीपर्यंत नको." मग जरा थांबून, "उंबऱ्यावर बसता आलं तर बरं. तिथून मी येताना दिसते तिला."

थोरलीनं तेवढं लांब केलं, आणि वर हातभर जास्त. कमरेच्या पट्ट्यात कापूस दोनदा भरला. झालं तेव्हा बाईनं ते हातात घेऊन चाचपलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच्या कमरेला बांधलं. दुसरं टोक तिनं खांबाला अडकवलं, चालत चालत शेवटापर्यंत गेली, ताण बसला तशी उभी राहिली. पुढं वाकून बघितलं. खाली बसून बघितलं. आडवी होऊन कूस बदलून बघितलं.

"बोचत नाही," ती म्हणाली.

धोबिणीच्या मुलानं विचारलं, "आई गेली?"

बाईनं गाठ सोडली, दाव्याची घडी केली. ती मुलीला उचलायला वाकली आणि तशीच थांबली. थोरलीकडं न बघता म्हणाली, "मला लोकांनी सांगितलंय, ज्याच्या घरी दावं त्याला शाळा नाही. मग आता हिला कधीच घेणार नाही का?"

थोरलीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. "तो नियम गाढवपणाचा होता," ती म्हणाली. "माझा होता. जखम भरू दे. मी येईन सकाळी, खाणीपलीकडं. मी घेऊन येईन हिला."

जखम भरेपर्यंत दोरवाला कामावर जाता-येता मलम देऊन येत होता. मग एका सकाळी थोरली निघाली. वाट उभ्या चढाची, पायाखाली दगडाची कच. पोचली तेव्हा आई केव्हाच कामावर गेली होती. टिटवी उंबऱ्यावर बसली होती, कमरेला दावं. थोरलीनं गाठ सोडली, तिला पाठीवर घेतलं आणि खाली आणलं. दिवसभर मुलगी चाकासमोर बसली. पेला धरायला दिला, तो तिनं डोक्यावर ठेवला. मास्तरीण म्हणाली, हरकत नाही, सांडला तर नाही.

दुपार कलली, घंटा झाली. आपापल्या माणसांबरोबर पोरं गेली. थोरलीनं टिटवीला पुन्हा पाठीवर घेतलं आणि चढ चढली. घर रिकामं. खाणीतून घणांचे आवाज येत होते, काम सुटायला अजून बराच वेळ होता. थोरली उंबऱ्यावर थांबून राहिली. घरी भिंगरी होती, म्हातारीला दिसत नव्हतं, मास्तरीण घंटा झाली की जाते. शेवटी ती उठली. पाण्याचं मडकं जवळ सरकवलं. मग तिनं ते दावं उचललं, टिटवीच्या कमरेला बसवलं आणि मागच्या बाजूला, हात पोचणार नाही अशी, गाठ मारली.

ती चढाच्या मध्यावर आली तेव्हा किंचाळणं सुरू झालं. खाली पोचेपर्यंत ते ऐकू येत होतं. त्या आवाजात ती पूर्ण वाट उतरली, एकदाही वळून न बघता, कारण वळली असती तर तिला घरी परतता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीण घंटा पुसत होती. थोरलीनं ती तिच्या हातातून घेतली आणि खुंटीला अडकवली.

"सकाळची वाजवा. सुटायची नको."

"अगं, पण शाळेला सुटायची वेळ नको का?"

"आई घरी येईपर्यंत शाळा."

"कुणाची आई?" मास्तरणीनं विचारलं.

"सगळ्यात उशिरा येते तिची," थोरली म्हणाली, आणि चढाच्या वाटेला लागली.